आधीं खूण, मग मजकूर

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत, गोसीखुर्द गांवापाशीं, वैनगंगेवर जें धरण उभें आहे त्याला ३३ दरवाजे आहेत. २२ एप्रिल १९८८ रोजीं तेव्हांचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें या कामाचा पाया घातला गेला; पुढें २००९ सालीं त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मातीच्या भरावासह धरणाची लांबी अकरा किलोमीटरांहून अधिक भरते. या बांधकामाविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ आहे. पण येथें विचार करावयाचा आहे तो दरवाजे उघडण्यापूर्वींच्या कांहीं मिनिटांचा.

दरवाजा उचलण्याआधीं भोंगा वाजवावयाचा, ही धरणांवरची रूढ पद्धत आहे. भोंगा स्वतः कांहींच सांगत नाहीं. पाणी किती येणार, कोठवर चढणार, कोणीं काय करावयाचें, यांतलें एक अक्षरही त्याच्या आवाजांत नसतें. आतां जें येणार आहे तें जिवाशीं निगडित आहे, एवढेंच तो बजावतो. पात्रांत डोंगा घातलेला ढिवर, काठावर गुरांना पाणी पाजणारा गुराखी, मोटारपंपाजवळ उभा असलेला शेतकरी, यांना तेवढें पुरतें. पुढची सूचना हातांतलें काम टाकून ऐकावयाची आहे, हें त्यांना सूचना येण्याआधींच कळलेलें असतें.

प्रत्येक निरोपांत अशा दोन वस्तु असतात. एक त्यांतील मजकूर आणि दुसरें त्या मजकुराचें प्रयोजन. ‘नदीला पाणी वाढत आहे’ हें साधें वाक्य घ्यावें. पाटाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्याला तें शुभवर्तमान होय. पाहुण्याला उद्देशून म्हटलें तर ‘आज मुक्काम करा’ अशी त्यांत विनंती आहे. तहसीलदारानें म्हटलें तर तो गांव खालीं करण्याचा हुकूम असूं शकेल, आणि काठावरच्या झोपडीबाहेर कोणी ओरडून सांगितलें तर ती प्राणसंकटाची सूचना होते. शब्द तेच, पण ऐकणाऱ्यानें करावयाचें काम चारी वेळां निराळें. बोलणाऱ्याच्या मनांत हें प्रयोजन आरंभापासून अगदीं स्वच्छ असतें आणि नेमकें म्हणूनच तो तें बोलून दाखवावयास विसरतो. ऐकणारा बिचारा वाक्यामागून वाक्य कानांत सांठवीत जातो आणि हें आपल्याला कशासाठीं सांगितलें जात आहे याचा अदमास बांधीत राहतो. अदमास चुकला म्हणजे सांठविलेलें सर्व पुन्हां उलगडून नव्या अर्थानें लावावें लागतें. छापील पानावर नजर मागें नेण्याची सोय असते. कानावरून गेलेलें वाक्य मात्र परत बोलावतां येत नाहीं.

हें खेड्यांतल्या लोकांनीं फार पूर्वींच ओळखलें होतें. इतर महाराष्ट्रांत जिला दवंडी म्हणतात तिला विदर्भांत बहुतेक ठिकाणीं मुनादी हें नांव आहे. कोतवाल चौकांत येऊन उभा राहतो आणि प्रथम डफडें वाजवितो. तोंडानें कांहीं बोलण्याआधीं तो हें वाद्य वाजवितो, त्यामागें आवाज दूर जावा एवढाच हेतु असता तर मोठ्यानें ओरडूनही काम भागलें असतें. पण ओरडणें गांवांत नेहमींचेंच. त्याकडे कोणी कान देत नाहीं. डफड्याच्या ठोक्यानें घरांतलीं माणसें दाराशीं येतात. मग ‘ऐका हो ऐका’ ही हांक. तिनें निरोप एका घरचा नसून सबंध गांवाचा आहे हें ठरतें. त्यानंतर हें कोणाच्या अधिकारानें सांगितलें जात आहे तें, आणि सर्वांत शेवटीं मजकूर: अमुक दिवशीं पट्टीवसुली, अमुक दिवशीं गुरांना लस, अमुक दिवशीं ग्रामसभा. मजकुरापूर्वींच्या या तीन पायऱ्या चढून आल्यावर ऐकणाऱ्याचें मन तयार झालेलें असतें. अर्थात् मुनादींतही एक उणीव आहे. पट्टीवसुलीला आणि पुराला डफडें एकाच रीतीनें वाजलें तर भेद कळावयाचा कसा? लग्नाचें वाजविणें निराळें, अंत्ययात्रेचें निराळें, हें गांवांतल्या लहान मुलालाही समजतें. पण मुनादीच्या डफड्याला असे भेद क्वचितच असतात. ‘ऐका’ एवढेंच तें सांगतें. कशासाठीं ऐकावयाचें, तें शब्दांवर सोपविलेलें असतें. ही उणीव पुढें पुन्हां भेटणार आहे.

मराठी पत्रलेखनानें हीच गोष्ट कागदावर किती बारकाईनें साधली होती तें पाहण्याजोगें आहे. मराठेशाहींतील पत्रांचा लांबलचक मायना हल्लींच्या वाचकाला नुसता शिष्टाचाराचा पसारा वाटतो. तसा तो नाहीं. कनिष्ठानें वरिष्ठाला लिहिलें तर मजकूर ‘विज्ञापना’ या शब्दानें सुरू होतो. बरोबरीच्यानें बरोबरीच्याला लिहिलें तर ‘विनंती’. वरिष्ठानें खालच्याला लिहिलें तर ‘आज्ञा’. कागद हातीं पडतांच, त्यांत कशाविषयीं लिहिलें आहे हें कळण्यापूर्वीं, आपल्याला कांहीं मागितलें जात आहे, सुचविलें जात आहे कीं फर्माविलें जात आहे हें वाचणाऱ्याला कळे. कागदांचीं नांवेंही तशींच. कौलनामा म्हटला कीं आश्वासन, अभयपत्र म्हटलें कीं भीतीचें निवारण, ताकीदपत्र म्हटलें कीं पुन्हां असें होतां कामा नये ही समज. घरगुती पत्रांत ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें’ असें झाल्यावर ‘विशेष’ हा एकच शब्द येई. या एका शब्दांत दरवाजा उघडल्याचा आवाज आहे. येथवर रीत झाली, आतां कामाचें ऐका, असें तो म्हणतो. पत्र मोठ्यानें वाचून दाखविण्याच्या त्या काळांत ‘विशेष’ या शब्दावर वाचणारा क्षणभर थांबत असला पाहिजे आणि माजघरांतलीं माणसें सावरून बसत असलीं पाहिजेत, अशी कल्पना करावयास हरकत नाहीं.

टपाल घरोघर येऊं लागल्यावर तर पत्र उघडण्याच्याही आधींची खूण रूढ झाली. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलें पत्र मंगलकार्याचें. ज्याच्या माथ्यावर ‘श्री’ नाहीं आणि ज्याचा कोपरा फाडलेला आहे तें कार्ड निधनाचें. तें घरांत न नेतां बाहेरच वाचून फाडून टाकीत. ही खूण कठोर होती असें कोणी म्हणेल. पण तिच्या पोटीं एक दया होती. फाटक्या कोपऱ्यापासून पहिल्या ओळीपर्यंत जे दोनचार क्षण मिळत तेवढ्यांत मनुष्य भिंतीचा आधार घेऊन खालीं बसे. तारेला ही खूण नव्हती. १४ जुलै २०१३ या शेवटच्या दिवसापर्यंत तार बहुधा एकाच प्रकारें दाराशीं आली. म्हणून मुलगा परीक्षेंत पहिला आल्याची तार असो कीं थोरल्या काकांच्या निधनाची, तारवाल्याची हांक ऐकतांच घरांतल्या बायकांच्या पोटांत धस्स होत असे.

आज त्या तारेची जागा अवेळीं येणाऱ्या दूरध्वनीनें घेतली आहे. परदेशीं राहणारा मुलगा तिकडच्या दुपारीं, म्हणजे इकडच्या मध्यरात्रीं, घरीं फोन करतो तेव्हां शहाणा असेल तर पहिलें वाक्य म्हणतो, ‘आई, काळजीचें कांहीं नाहीं, सहज फोन केला.’ मग खुशाल अर्धा तास बोलावें. हेंच वाक्य तो शेवटीं म्हणाला तर अर्धा तास आईनें त्याचें बोलणें ऐकलेलेंच नसतें. तिचें सारें लक्ष वाईट बातमी कोणत्या वाक्यांत दडली आहे याच्या शोधांत गेलेलें असतें.

सरकारी पत्रव्यवहारांत मायना जाऊन ‘विषय’ नांवाची ओळ आली. तिच्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण विषय आणि प्रयोजन यांचा घोटाळा येथेंच होतो. ‘विषय: नाल्यावरील पूल’ असें लिहिलें तर पत्र कशाविषयीं आहे तें कळलें, पण कशासाठीं आहे तें कळलें नाहीं. पूल बांधून हवा आहे, कीं बांधलेला खचला आहे, कीं त्याचें बिल थकलें आहे? गंमत अशी कीं, ज्या कचेरीच्या मराठीची एरवीं सर्वत्र थट्टा होते तिनेंच यावर एक नामी तोड काढली आहे. ‘रजा मिळणेबाबत’, ‘अहवाल पाठविणेबाबत’, ‘माहिती कळविणेबाबत’. व्याकरणाच्या दृष्टीनें हीं रूपें ओबडधोबड असलीं तरी त्या क्रियापदांत सबंध पत्राचा हेतु सांठवलेला असतो. ‘मिळणे’ म्हटलें कीं मागणी, ‘पाठविणे’ म्हटलें कीं फर्मान, ‘कळविणे’ म्हटलें कीं माहितीची देवघेव. कारकुनाला पत्र कोणत्या टेबलावर टाकावयाचें तें पहिल्या ओळींतच कळतें. मराठेशाहींतील ‘विज्ञापना’ आणि ‘आज्ञा’ यांचें काम हीं बोजड क्रियापदें आज इमानानें करीत आहेत. त्याच कचेरींतला ‘तातडीचें’ हा शिक्का मात्र निकामी झाला आहे. प्रत्येक कागदावर तो बसूं लागल्यावर ‘अतितात्काळ’ काढावें लागलें, आणि तेंही आतां सर्रास झालें आहे.

अधिकाराची खूण आधीं आणि मजकूर मागाहून, ही रीत या प्रदेशांत फार जुनी आहे. गोसीखुर्दहून फार दूर नाहीं अशा, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील देवटेक येथें एक शिळा सांपडली. तिच्यावर दोन लेख आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्यांचा अभ्यास केला. धाकटा लेख वाकाटककालीन आहे. थोरला अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपींत असून त्यांत प्राण्यांना पकडण्याची व मारण्याची मनाई आहे. हा थोरला लेख सुरू होतो तोच मुळीं स्वामी आज्ञा करीत आहेत या अर्थाच्या शब्दांनीं. मनाई कशाची तें मागाहून. त्या काळीं वाचतां येणारे थोडे. शिलालेख वाचून दाखवीत असतील तो कोणी अधिकारी. ऐकणाऱ्या रानांतल्या पारध्याला पहिल्या दोन शब्दांतच समजत असेल कीं ही कथा नव्हे आणि उपदेशही नव्हे.

शास्त्रकारांनीं तर या गोष्टीला नियमाचें रूप दिलें. ग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत असा वेदान्तशास्त्राचा दंडक आहे: ग्रंथ कोणासाठीं आहे, कशाविषयीं आहे, त्या विषयाचा ग्रंथाशीं संबंध काय, आणि तो वाचून काय साधावयाचें. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. आधुनिक कचेरीनें यांतला विषय तेवढा उचलला. अधिकारी आणि प्रयोजन बहुतेक वेळां वाऱ्यावर सोडलें. आणि योगायोग असा कीं, मराठींतील आद्य वेदान्तग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे तो मुकुंदराजांचा विवेकसिंधु (शके १११०, म्हणजे इ. स. ११८८) ज्या आंभोऱ्यास रचला गेला असें परंपरा सांगते, तें आंभोरें गोसीखुर्दच्याच वरच्या अंगाला, वैनगंगेच्या संगमावर आहे. अंबेजोगाईचाही त्या ग्रंथावर हक्क सांगितला जातो, पण तो वाद येथें नको.

नभोवाणी ही तर पूर्णपणें कानाची विद्या. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबई केंद्र सुरू झालें, १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र. श्रोता स्वयंपाकघरांत असतो, दाढी करीत असतो, अर्धें लक्ष मुलाच्या अभ्यासाकडे असतें. म्हणून प्रथम वाल्टर कॉफमन यांनीं बांधलेली ती ओळखीची धून, मग केंद्राचें नांव, मग आतां बातम्या आहेत कीं बाजारभाव कीं कीर्तन, याची उद्घोषणा. बातमीपत्रांतही आधीं ठळक बातम्या आणि मग विस्तार. हें सर्व वेळ दवडणें आहे असें वाटणाऱ्यानें उद्घोषणेशिवाय एखादा कार्यक्रम मध्येंच लावून पाहावा. बोलणारा वक्ता आहे कीं नाटकांतलें पात्र, हेंच कांहीं वेळ उमगत नाहीं.

समुद्रावरच्या बिनतारी संदेशांत हें शास्त्र सर्वांत शुद्ध रूपांत दिसतें. १९०६ सालच्या बर्लिन परिषदेंत ‘एस ओ एस’ ही संकटाची खूण मान्य झाली. तिला शब्दार्थ असा नाहीं. तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके, असा तिचा ठेका ओळखावयास सोपा, एवढेंच तिच्या निवडीचें कारण. पुढें तोंडी संभाषण सुरू झाल्यावर ध्वनीनें ओळखतां येईल असा शब्द हवा झाला. तेव्हां लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनीं ‘मेडे’ हा शब्द सुचविला. ‘मला मदत करावयास या’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो उच्चार. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनें तो मान्य केला. आज जहाजाला बोलावयाचें असेल तर तीन प्रकारच्या खुणा आहेत. प्राणसंकट असेल तर ‘मेडे’, प्राणसंकट नसलें तरी निकड असेल तर ‘पॅन-पॅन’, आणि वादळ, तरंगता ओंडका, विझलेला दीप असली सावधगिरीची बातमी असेल तर ‘सेक्युरिटे’. शब्द तीन वेळां उच्चारावयाचा आणि मग मजकूर. ‘मेडे’ ऐकूं येतांच त्या लहरीवरील इतर सर्वांनीं बोलणें थांबवावयाचें. मुनादीच्या डफड्याची जी उणीव वर सांगितली ती येथें भरून निघाली आहे. खुणेनें ‘ऐका’ म्हटलें, आणि कोणत्या तयारीनें ऐका तेंही म्हटलें. यांत आणखी एक शिस्त आहे. खिशांतलें पाकीट हरवलें म्हणून कोणी ‘मेडे’ म्हणत नाहीं. खूण जपून वापरली जाते, म्हणूनच ती ऐकतांच दुसरें जहाज आपला मार्ग सोडून वळतें. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

खूण चुकली तर काय होतें याचा एक दाखला अमेरिकेच्या हवाई बेटांत १३ जानेवारी २०१८ रोजीं सर्व जगानें पाहिला. सकाळीं आठ वाजून सात मिनिटांनीं तेथील लोकांच्या मोबाइलवर सूचना आली: क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, ही तालीम नव्हे. आईबापांनीं मुलांना न्हाणीघरांत कोंडून घेतलें. कित्येकांनीं आप्तांना निरोपाचे शब्द पाठविले. क्षेपणास्त्र आलें नाहीं. सूचना चुकीची होती हें त्याच मोबाइलवर कळावयास अडतीस मिनिटें लागलीं. मागाहून झालेल्या चौकशींत जें बाहेर आलें तें प्रस्तुत विषयाला फार महत्त्वाचें आहे. पाळी बदलतांना वरिष्ठानें अचानक तालीम घेतली. कामगारांना दूरध्वनीवरून जो मुद्रित निरोप ऐकविण्यांत आला त्याच्या आरंभीं आणि शेवटीं ‘तालीम, तालीम, तालीम’ असे शब्द होते. पण त्याच्या पोटांत ‘ही तालीम नव्हे’ हेंही वाक्य होतें. ज्या कर्मचाऱ्यानें कळ दाबली त्याचें म्हणणें असें कीं, आरंभीचे ते शब्द आपल्या कानीं पडलेच नाहींत. मजकूर सर्वांनीं ऐकला. प्रयोजन एकाला ऐकूं आलें नाहीं, आणि मजकुरानें तर प्रयोजनाच्या उलट साक्ष दिली. सूचना मागें घेण्यासाठीं तयार ठेवलेला निरोपही नव्हता, म्हणून ती अडतीस मिनिटें.

भारतांत २०२३ सालीं दूरसंचार विभागानें अशाच सर्वव्यापी सूचनेच्या चांचण्या घेतल्या. घरोघरचे मोबाइल एकाच क्षणीं कर्कश आवाजांत ओरडले. बैठकींतलीं माणसें दचकलीं, तान्हीं मुलें रडूं लागलीं. पण पडद्यावरचा निरोप नमुना चांचणीचा असल्याचें सांगूनच सुरू होत होता, आणि आपण कांहीं करावयाचें नाहीं हेंही त्यांत स्पष्ट होतें. त्या पहिल्या शब्दांचें मोल हवाईच्या लोकांना विचारावें. हवामानखात्यानेंही आपल्या पर्जन्यसूचनांना रंग दिले आहेत. हिरवा म्हणजे चिंता नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, लाल म्हणजे आतां हालचाल करा. किती मिलिमीटर पाऊस पडणार तें ज्याला समजत नाहीं त्याला रंग समजतो.

आतां पुन्हां वैनगंगेकडे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, २९ ते ३१ या दिवसांत, वैनगंगेला मोठा पूर आला. नदी मध्यप्रदेशांत शिवनी जिल्ह्यांत उगम पावते. तिकडे अतिवृष्टि झाली, संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें, आणि इकडे गोसीखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलें. खालच्या अंगाला पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी या भागांतलीं गांवें वेढलीं गेलीं आणि धानाचीं शेतें पाण्याखालीं गेलीं. पूर ओसरल्यावर सूचना कोणाला केव्हां मिळाली याविषयीं बरेंच बोललें गेलें. त्यांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. सूचना ज्या साच्यांत सामान्यतः काढल्या जातात तो साचा मात्र पाहिला पाहिजे. ‘अमुक धरणाचे इतके दरवाजे अर्ध्या मीटरनें व इतके एक मीटरनें उघडण्यांत आले असून इतक्या क्युमेक विसर्ग सुरू आहे, आवक पाहून विसर्गांत वाढ करण्यांत येईल, तरी नदीकाठच्या नागरिकांनीं सतर्क राहावें.’ हें वाक्य खोटें नाहीं. पण त्याची चाल पाहावी. तें धरणापासून निघतें, दरवाजे मोजतें, आंकडे सांगतें, आणि ज्याच्यासाठीं तें लिहिलें तो मनुष्य अगदीं शेवटीं दृष्टीस पडतो. ही एका अभियंत्यानें दुसऱ्या अभियंत्याला दिलेली खबर आहे. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, अर्थात् हजार लिटर पाणी. क्युसेक म्हणजे सुमारें अठ्ठावीस लिटर. दोहोंत पस्तीसपटींचें अंतर, आणि ऐकतांना एका अक्षराचा फरक! ज्याच्या गोठ्यांत चार म्हशी बांधलेल्या आहेत त्यानें यांतून काय घ्यावें? ‘सतर्क राहावें’ या शब्दांनीं तरी कोणतें काम सांगितलें? जागें राहावयाचें, कीं घर सोडावयाचें?

तोच निरोप उलट्या क्रमानें सांगितला तर असा होईल: ‘इशारा. पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतील नदीकाठच्या लोकांसाठीं. आज रात्रीं वैनगंगा चढणार आहे. गुरें, मोटारपंप आणि डोंगे अंधार पडण्यापूर्वीं वर घ्या. पुलावर पाणी असेल तर ओलांडूं नका. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले आहेत.’ आणि मग, ज्याला हवे असतील त्याच्यासाठीं, आंकडे. अनुबंधचतुष्टयांतले अधिकारी आणि प्रयोजन पहिल्या दोन वाक्यांत आले, विषय तिसऱ्यांत. पाणी वाढणार नसून नुसती माहिती द्यावयाची असेल तर पहिला शब्द ‘माहिती’ असावा, आणि भोंग्याची परीक्षा असेल तर ‘चांचणी’. हे तीन शब्द एकमेकांच्या जागीं कधींही वापरूं नयेत, नाहींतर त्यांची गत कचेरींतल्या ‘तातडीचें’ या शिक्क्यासारखी व्हावयाची.

राहतां राहिला भोंगा. त्याला शब्द नाहींत. त्याचा अर्थ आधीं ठरवून लोकांना शिकवावा लागतो. हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा अर्थ शहरांतल्या लोकांना पाठ होता. चढउताराचा आवाज म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. ७ मे २०२५ रोजीं देशभर तालीम झाली तेव्हां नव्या पिढीला तो पुन्हां शिकवावा लागला. धरणाच्या भोंग्याचा अर्थ काठावरच्या गांवांना असाच ठाऊक हवा. दर वर्षीं मृग लागण्यापूर्वीं भोंगा एकदां वाजवून दाखवावा. मात्र आदल्या दिवशीं सायंकाळीं कोतवालानें चौकांत डफडें वाजवून सांगावें कीं उद्यां सकाळीं दहा वाजतां भोंगा वाजेल, ती चांचणी आहे, शेतावरून पळत येऊं नका. आणि त्यानंतर पावसाळ्यांत तो जेव्हां वाजेल तेव्हां मात्र काठ सोडून वर या.